माधवनगरात हरिबा कोण?

मी टपालाची सायकल बोलतेय. उभी राहिले की मला कसंनुसं होतं. चाकं फिरू लागली की जीव भांड्यात पडतो.

सांगलीला लागून असलेलं माधवनगर मी रोज पालथं घालते. पेठेत रुंद, सरळ रस्ते; गिरण्यांच्या बाजूला चाळी; त्यांच्या मागं वाट फुटेल तशा झोपड्या. यंदा, पासष्ट साली, तर बघता बघता नवी आळी उठते. मेढ्याकडचे एका अंगाला, म्हसवडकडचे दुसऱ्या. घरांना नंबर नाहीत आणि शेजारी कोण राहतो याची कुणाला फिकीर नाही. भोंगा झाला की जो तो पळतो.

आमचे पोस्टमन नाथाजी वैतागायचे, "गावाकडं कुत्र्यालाबी नावानं वळखत्यात. हितं माणसाला न्हाई!"

म्हसवडकडची हरणाबाई नुकतीच गिरणीत लागली होती. नवरा मेंढरं घेऊन वर्षभर रानोमाळ. मुलगा आकाराम पलटणीत, आणि सीमेवर लढाई पेटलेली. गिरणीतल्या कारकुनाकडून तिनं त्याला नवा पत्ता कळवला होता. आम्ही दिसलो की ती माझं हँडलच धरायची.

"आवं, आमच्या आकारामचं पत्र हाय का?"

"न्हाई बाई. कुणाच्या नावावर येनार?"

"त्येच्या बाच्या."

"बाचं नाव काय?"

तिनं पदर तोंडाला लावला. "आवं, मी कसं घिऊ?"

गावी असती तर दुसऱ्या कुणीतरी नवऱ्याचं नाव सांगितलं असतं. इथं ते कुणाला ठाऊकच नव्हतं. नाथाजींना घाई होती, मला त्याहून. आम्ही निघालो.

पुढच्याच आठवड्यात पत्र आलं. 'हरिबा, गिरणीमागे, माधवनगर.' मागं नुसता पलटणीचा नंबर; पण पलटणीत पोरं असलेली घरं इथं पुष्कळ. दुपारी हरणाबाई कामावर. आम्ही चाळी धुंडाळल्या, झोपड्या धुंडाळल्या. सगळीकडे एकच उत्तर, "हरिबा? ह्या आळीत न्हाई बगा." चार दिवसांनी 'पत्ता लागत नाही' असा शेरा मारून पत्र परत पाठवलं.

त्यानंतर दोन दिवसांनी सुट्टीच्या वारी ती भेटली. "आलं का वं?"

"तुमचं न्हाई. कुना हरिबाचं आलतं, गेलं माघारी."

तिनं माझं हँडल गच्च आवळलं. "आवं, त्येच की आमचं मालक!"

नाथाजींनी मला सांगलीच्या मोठ्या पोस्टापर्यंत अशी हाणली की साखळी दोनदा उतरली. परतीच्या टपालाची थैली केव्हाच गेली होती. दिवसभर पळणारी मी, ती नावापाशी अडली त्या दिवशी तिच्याजवळ दोन मिनिटं थांबले असते तर? ही रुखरुख काही जात नाही.

आता हरणाबाईचं दुसरं कार्ड आकारामला गेलंय. उत्तर नाही. माझी सीट फाटलीय, मागचं चाक डुगडुगतं, तरी फेरी चुकत नाही. बाबांनो, नव्या वस्तीत राहायला गेलात तर शेजाऱ्याचं नाव तेवढं विचारून घ्या.

आज सकाळी भर रस्त्यात, चार बायाबापड्यांच्या देखत, हरणाबाईनं खणखणीत आवाजात विचारलं, "हरिबाच्या नावचं काय हाय का?"

नाथाजींनी पिशवी तिसऱ्यांदा उलटी करून पाहिली.