टिक मारलेलं वाक्य

धामणगाव बढ्याच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं म्यां. पोट्टे मले मागून 'ऑलवेज मास्तर' म्हनत. म्हनू द्या! वाक्यात क्रियाविशेषण कुठं बसवाचं, हे अर्ध्या गावाले मीच शिकवलं. 'ऑलवेज' क्रियापदाच्या आधी, पन 'ॲम' असलं की त्याच्या नंतर. चुकलं त वाक्य दुरुस्त करून पुन्हा आनाचं, मंगच माही लाल टिक.

माही पोरगी प्राची आयर्लंडात नर्स हाय. तिची माय वारल्यापासून घरात मी एकटाच. मले मेसेज इंग्रजीतच लिहाचा, हा नियमबी माहाच. नाईतर जीभ गंजते. ती लिहे, मी चूक काढो, ती दुरुस्त करून धाडे, मी टिक मारो.

दिवाळीनंतर तिनं लिहिलं, "आय ऑलवेज ॲम अलोन हिअर." डोकंच सनकलं माहं. मास्तरची पोरगी अन् 'ऑलवेज' असं बसवते? जागा चुकली म्हनून कळवलं. घंटाभरानं तिनं धाडलं, "आय ॲम ऑलवेज अलोन हिअर." म्यां टिक मारली, खाली 'गुड' लिहिलं.

त्यानंतर अडीच महिने तिचा मेसेज नाई. मीबी अकडून बसलो.

काल शेजारची सुवर्णा वांगे घेऊन आली. प्राची कशी हाय, तिनं इचारलं. म्यां तोऱ्यात मोबाइल काढला, पोरीचं इंग्रजी पाह्य म्हनलं. तिले इंग्रजी येत नाई, म्हनून मराठीत सांगू लागलो: मी इथं नेहमीच एकटी असते.

सांगता सांगता मले उमगलं: ते वाक्य म्यां तपासलं होतं, वाचलं नव्हतं.

"मंग तुमी काय म्हनलं तिले?"

"टिक मारली," म्यां म्हनलं.

तिनं वांगे ओट्यावर ठेवले अन् गेली.

मंग जन्मात पहिल्यांदा म्यां पोरीले आपल्या बोलीत लिहिलं. "प्राची माय, मले करमत नाई. तुलेबी करमत नसन. फोन कर."

आज दुपारी उत्तर आलं. इंग्रजीत. "थँक यू, बाबा. आय ॲम युज्वली बिझी. आय विल प्रॉबेब्ली कॉल."

सवयीनं तीनदा तपासलं. सगळे शब्द जिथल्या तिथं. चूक एकबी सापडली नाई. टिक न मारता फोन समोर ठेवून बसलो.