न्हाणीघरामागची जीप

अहो, इकडं! न्हाणीघराच्या भिंतीमागं. हॉर्न कधीच बसलाय, म्हणून अशी हाक मारतेय. मी जीप बोलतेय, जव्हारच्या रोहिदास कारकुनाची. चारही चाकांना जोर असणारी जुनी अस्सल जात आहे माझी. पण सध्या एकही चाक हलवायला जागा नाही, तेव्हा तोरा मिरवण्यात अर्थ नाही.

कारखान्यातला जन्म काही आठवत नाही. कळतं झाल्यापासून मोखाड्याच्या एका लाकूड ठेकेदाराकडं होते. मेल्यानं सागाचे ओंडके ओढायला लावून माझी कंबर खिळखिळी केली. पुढं त्यानं ट्रक घेतला आणि मला रोहिदासच्या गळ्यात मारलं. रोहिदासची बायको उज्ज्वला शाळेत बाई. मला बघून तिनं पहिलं वाक्य काय बोलावं? "अहो, हिच्यातून कन्याकुमारीला जाऊ या!" मी लाजून चूर.

आणि निघालो की! पंच्याण्णवची उन्हाळी सुट्टी. मागं स्टोव्ह, नागलीचं पीठ, वळकट्या, पाण्याची कळशी. नाशिक, पुणे, कोल्हापूर, मग कानडी मुलूख. चढ आला की मी धापा टाकायची, ट्रकवाले हसत पुढं जायचे. हसा खुशाल! उज्ज्वला झाडाखाली भाकऱ्या थापायची, अनोळखी बायकांशी खुणांनी गप्पा मारायची. इतकी आनंदात मी तिला पुन्हा कधी पाहिली नाही.

मदुराईच्या पुढं एका वळणावर ट्रक अंगावर आला. रोहिदासनं मला कसंबसं रस्त्याखाली उतरवलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण क्लचवरचा त्याचा पाय लटलट कापत होता, ते फक्त मला कळलं. उज्ज्वलाला म्हणाला, "रजा संपत आली गं. माघारी फिरू. पुढच्या सुट्टीत येऊ." समुद्र एका दिवसाच्या वाटेवर राहिला होता. परतताना भाकऱ्या थापायला ती एकदाही झाडाखाली बसली नाही.

पुढची सुट्टी काही उजाडलीच नाही. कधी भाच्याचं लग्न, कधी माझे टायर. मला परसात लावून ठेवलं. बाजूच्या बोळातून तेवढी बाहेर पडायची वाट. उज्ज्वलानं मात्र ठरवून टाकलं, निवृत्त झाले की जायचंच.

निवृत्तीच्या आधीच्या दिवाळीनंतर ती भातझोडणीला माहेरी, दाभोशाला गेली. लगेच रोहिदासनं गवंडी बोलावला, बोळात न्हाणीघर बांधायला. सोम्या गवंड्यानं दोरी ताणली आणि माझ्याकडं बघितलं.

"सायेब, भिंत हितं आली त जीप कशी निंगल?"

"ती कुठं जातेय आता? तू बांध."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तोंड असतं तर सगळी आळी गोळा केली असती! विटेवर वीट चढत गेली आणि मी बघत राहिले.

उज्ज्वला परतली. नवं न्हाणीघर बघून खूश झाली. उरलेल्या बोळाकडं तिचं लक्षच गेलं नाही, आणि मी सांगणार कशी?

मे महिन्यात ती निवृत्त झाली. मेकॅनिकनं मला नवी बॅटरी बसवली, सामान चढलं, उज्ज्वला पदर खोचून शेजारच्या सीटवर बसली. मी पहिल्याच दणक्यात सुरू झाले. रोहिदासनं मला पुढं घेतलं आणि माझं मडगार्ड भिंतीला घासलं.

"अगं बाई! अडकली?"

"बघ ना," तो म्हणाला. "आता काय करणार? नशिबातच नाही." आवाज उदास होता, पण क्लचवरचा पाय अगदी निवांत.

ती उतरली. तिनं भिंत बघितली, मग त्याच्याकडं बघितलं.

"जीप अडकलीय," ती म्हणाली. "मी नाही."

"अगं, थांब तरी! सोम्याला बोलावतो, भिंत पाडू."

"थांबलेच की इतकी वर्षं!" पिशवी आणि एक वळकटी घेऊन ती तडक एसटी डेपोकडं चालू लागली.

काल मागच्या खोलीत फोन वाजला. खिडकी माझ्या डोक्यावरच, म्हणून ऐकू आलं. "पोचलीस कन्याकुमारीला? एकटीच? ... पाय भिजवलेस? ... रामेश्वरला कशाला आता? ... मी? मी कसा येऊ?" मग तो बाहेर आला, माझ्या स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. "मला भीती वाटते गं," म्हणाला. "तेव्हापासून वाटते. तिला कधी सांगितलंच नाही." आणि लहान पोरासारखा रडला.

बाबा रे, हे मला सांगून काय उपयोग? तुझा राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण तू भिंत बांधलीस आणि माझ्याबरोबर तूही आतच राहिलास. ती भिंत नंतर पाड, नाही तर नको पाडूस. उज्ज्वला आता रामेश्वरला जाऊन थांबणार आहे. डेपोतून नाशिकची एसटी सुटते, पुढं रेल्वे आहे. दोन्ही दुसरंच कुणी हाकतं, तुला नुसतं बसायचंय. जा, तिच्यापाशी जाऊन हेच सांग. ऊठ, रोहिदास. आधी माझ्यातून उतर.