ठकुबाईला बसायला जागा

“तिला साळंत तिच्या आईनं पाठीवली का कुनी उचलून नेली, त्ये इचार आदी,” ठकुबाई म्हणाली आणि निखाऱ्यावरचा खेकडा तिनं नुसत्या बोटांनीच उलटा केला.

मी समोर बसलेल्या अ‍ॅग्नेसबाईंकडे बघितलं. त्या कॅनडातल्या. पुण्याच्या आमच्या कॉलेजात वर्षभर समाजकार्य शिकवायला आल्या होत्या आणि मी त्यांची विद्यार्थिनी. परदेशी बाई येणार म्हणून वेल्ह्याजवळची ती कातकरवाडी गोरी मडम बघायला जमली होती. जीपमधून उतरली ती सावळी, दोन काळ्याभोर वेण्यांची, पन्नाशीची बाई. त्या देशात गोरे येण्याआधीपासून जे लोक राहतात, त्यांच्यातली. ठकुबाईनं तिची वेणी हातात घेऊन नीट बघितली आणि मला म्हणाली, “ही तर आमच्यातलीच दिसती. मडम कुठं ऱ्हायली?” वाडी हसली. अ‍ॅग्नेसबाई काही न कळताच सगळ्यांत मोठ्यानं हसल्या.

पण आता कोणी हसत नव्हतं. ठकुबाईच्या लेकीसाठी, फुलासाठी, आश्रमशाळेत एक जागा धरून ठेवली होती, ती उद्यापर्यंतच. नाहीतर दिवाळी झाली की वाडीबरोबर फुलाही कोळशाच्या भट्ट्यांवर जाणार, आणि पुढच्या वर्षी तिच्या अंगाखांद्यावर धाकटं भावंड असणार. सबंध पावसाळा मी ठकुबाईची मनधरणी करत होते. ती मला जेवू घालायची, सगळ्याला हो म्हणायची आणि निघताना म्हणायची, “बगू.” अ‍ॅग्नेसबाईही लहानपणी बोर्डिंगातच शिकलेल्या, म्हणून आज तिला विचारायला दुसरं माणूस मिळालं होतं.

मी प्रश्न इंग्रजीत सांगितला. अ‍ॅग्नेसबाईंनी हात पुसले आणि शांतपणे सांगायला लागल्या.

त्या लहान असताना गावात गाडी आली होती. पोरांना लांबच्या शाळेत नेलं. पहिल्या दिवशी वेण्या कापल्या. घरची भाषा तोंडातून निघाली की मार. बऱ्याच वर्षांनी घरी आल्या तेव्हा आई दारात उभी राहून भराभरा काहीतरी बोलत होती, आणि त्यांना त्यातला एकही शब्द कळत नव्हता. आईनं मासा भाजला. दोघी समोरासमोर बसून मुकाट्यानं जेवल्या.

“काय म्हनती?” ठकुबाईनं विचारलं.

मी स्वतः बोर्डिंगात वाढलेली. भोंगवलीची, बौद्धांच्या वस्तीतली. भोरच्या बोर्डिंगानं मला दोन वेळचं जेवण दिलं, पुस्तकं दिली, मान वर करून बोलायला शिकवलं. ते नसतं तर मी कुणाच्या तरी बांधावर खुरपत बसले असते. बोर्डिंगचं नाव निघालं की अजूनही माझे हात जोडले जातात. आणि या बाई काय सांगून बसल्या! शाळेनं यांना मोठं केलं, एवढंच मी सांगितलं असतं तरी ते खोटं नव्हतं. त्या झोपडीत कुणाला पत्ता लागला नसता. फुलाची जागा पक्की झाली असती.

फुला दाराशी बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी सगळं सांगितलं. वेण्यांचं, माराचं, त्या माशाचंसुद्धा.

ठकुबाईनं खेकडा निखाऱ्यावरून बाजूला काढला. मग म्हणाली, “आन तू गं ताय? तू बी बोर्डिंगातलीच ना? तू कशी न्हाई इसरलीस?”

हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं.

“माझी आई यायची,” मी म्हटलं. “दर बाजाराला, एसटीनं. भेटायचा दिवस महिन्यातनं एकच होता, पण सैपाकाच्या सरूबाई तिला मागच्या दारानं चुलीपाशी घ्यायच्या. आई भाकरी आणि सुकट घेऊन यायची आणि गावातलं सगळं सांगत बसायची. कुणाची म्हैस व्याली, कोण कुणाशी भांडलं.”

आजवर मी बोर्डिंगचेच उपकार मानत आले होते. चुलीपाशी बसलेल्या त्या दोघींचे केवढे होते, ते त्या झोपडीत कळलं.

“मंग म्या बी येनार,” ठकुबाई म्हणाली. “भट्टीवर फुलाचा बा जाईल. म्या औंदा हितंच ऱ्हाते, मोळ्या इकीन. दर बाजाराला येनार. तुजी साळा मला बसाया जागा दील का, तेवढं इचार.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी फुलाला घेऊन आश्रमशाळेत गेलो आणि विचारलं. अधीक्षक वाईट माणूस नव्हते. “पालकभेट महिन्यातून एकदा,” ते म्हणाले. “आया वरचेवर आल्या की मुलं रडतात, बाई.”

“रडू देत की,” मी म्हटलं. “घरची आठवण आहे म्हणून रडतात.”

“म्या कुनाच्या आड न्हाई यायची,” ठकुबाई म्हणाली. “त्या खांबाला टेकून बसंन.”

“मग फाटकाबाहेर बसा.”

“आत,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

अधीक्षकांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा परदेशी पाहुणीकडे बघितलं. तिच्यादेखत नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं असावं. “बसा आत. पण गोंगाट नको,” ते म्हणाले. अ‍ॅग्नेसबाईंना मराठी येत नव्हतं, तरी त्यांनी पुढे होऊन अधीक्षकांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. ते बिचारे पार गोंधळून गेले.

पुढच्या बाजाराला अ‍ॅग्नेसबाई आणि मी मुद्दाम गेलो. ठकुबाई व्हरांड्यात खांबाला टेकून बसली होती. फुला तिच्यापुढे पाठ करून बसलेली, आणि ठकुबाई तिच्या केसांना तेल लावून वेणी घालत होती. दोघींचं कातकरी बोलीत अखंड चाललं होतं. फुला काहीतरी तक्रार करत होती, ठकुबाई हसत होती.

“काय बोलतायत?” अ‍ॅग्नेसबाईंनी मला हळूच विचारलं.

मी कान दिला. इतकं भराभर बोलत होत्या की मला काही उमगेना.

“मला नाही कळत,” मी म्हटलं, आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू.

अ‍ॅग्नेसबाईंनी मान हलवली. मग त्या ठकुबाईपासून थोड्या अंतरावर, पायरीवर बसल्या, आणि वेणी घालून होईपर्यंत ऐकत राहिल्या.