दुकानाचं कुणी विचारलंच नाही

त्या गुरुवारी पेडण्याच्या बाजारात चंद्रावतीने तीन गिऱ्हाइकांना सुटे पैसे जास्त दिले. तिघांनीही ते परत केले म्हणून बरं. पंचवीस वर्षं ती तिथे कोकमाची सोलं आणि सुकी मिरची घेऊन बसते, असं कधी झालं नव्हतं. सकाळपासून तिच्या जिवाला थारा नव्हता आणि का नव्हता, ते तिचं तिलाच उमगत नव्हतं.

सून सेजल मोप्याच्या विमानतळावर एका दुकानात कामाला होती. कंत्राट संपलं, चार महिने घरी बसली. मग फोनवर काम आलं. मोठ्या दुकानात साधं गिऱ्हाईक म्हणून जायचं, खरेदी करायची आणि दुकान कसं चालतं ते कंपनीला गुपचूप कळवायचं. चंद्रावतीने ते आदल्या गुरुवारी सगळ्या बाजाराला ऐकवलं होतं. "माझी सून आता दुकानांची तपासणी करतली." शेजारी नारळ विकणाऱ्या शेवंतीने नाक मुरडलेलं तिने पाहिलं होतं आणि तिला ते आवडलंही होतं.

आज सेजलचं पहिलं काम. कंपनीचा पंचेचाळीस हजारांचा चेक कुरिअरने आला होता, तो तिने बँकेत भरला. चेक वठायला दोन दिवस लागतील, तोवर तुमच्या पैशांनी धारगळच्या हायवेवरच्या दुकानातून दहा-दहा हजारांची चार गिफ्ट कार्डं घ्या, असं फोनवरच्या सरांनी सांगितलं. वरचे पाच हजार तिचे. सेजलच्या खात्यात चाळीस हजार होते, जुनी स्कूटर घ्यायला साठवलेले. स्कूटर नाही तर नोकरी नाही. रात्री दुकानं बंद होतात त्या वेळेला घरी धारगळला यायला बस कुठली?

इतक्यात एक बाई आली. सोल उचललं, हुंगलं, पाव किलो मागितलं आणि चंद्रावती तोलत असताना तिची नजर काट्यावरून हलेना. चंद्रावतीला एकदम आठवलं. अशी नजर एकेकाळी तिनेही लावली होती.

पेडण्याच्या गोकुळदास शेटचं दुसरं दुकान डिचोलीत होतं, पुतण्या चालवायचा. वजनाबद्दल तक्रारी आल्या तेव्हा शेटने चंद्रावतीला बुधवारच्या बाजाराला तिकडे धाडलं, कारण तिथे तिला कोणी ओळखत नव्हतं. परत आल्यावर शेटने तिने तिथून आणलेली मिरची पुन्हा तोलली आणि वीस प्रश्न विचारले. पुतण्या उठून उभा राहिला का? आधी कुणाला दिलं? पारड्याला बोट लावलं का? मजुरी त्यानंतर. मिरची तूच ने घरी, म्हणाला.

आणि ह्या सरांनी काय विचारलं? काल सेजलने यादी वाचून दाखवली होती. कार्ड घ्या, मागची पट्टी खरवडा, नंबराचा फोटो धाडा. दुकानाचं त्यात एक अक्षर नव्हतं. आणि तोंडसुद्धा न बघितलेल्या बाईला कामाआधीच एवढा चेक कोण देतो?

चंद्रावतीने सेजलला फोन लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझी.

"शेवंती, माझ्या मालाकडे बघ गो जरा," म्हणून ती उठली. शेवंतीला वाटलं, हिला घेरी आली.

बसमध्ये जागा रिकामी होती, तरी ती धारगळपर्यंत दाराशी उभीच राहिली. कंडक्टर म्हणाला, "बस गो आजी." ती म्हणाली, "तू बस चालव. माझा मी बघतंय." चालवत दुसराच होता, पण त्याने तिकीट फाडून दिलं.

सेजल दुकानाच्या कोपऱ्यात, कानाला फोन. दोन कार्डं घेऊन झाली होती. एकाची पट्टी खरवडलेली.

"आई, सर म्हणतत फोन ठेवू नको."

"हाड तो हकडे." चंद्रावतीने फोन तिच्या हातातून काढून घेतला.

सर हिंदीत बोलत होता. चंद्रावतीने आपलीच भाषा धरली. "नंबर मागीर. पयलां दुकान कसां आसा ता विचार. एसी थंड आसा. गल्ल्यावरचो चेडो गिऱ्हाइकाकडे बघणा नाय. लिही."

तो म्हणाला, माताजी, दुसऱ्या कार्डाचा नंबर द्या, नाहीतर पोलीस केस होईल.

"कर केस. काट्याचां विचारलस काय? गोकुळदास शेटान वीस प्रश्न विचारलेले, तुका एक सुचना नाय?"

फोन कटला. सेजलने दोन्ही कार्डं गल्ल्यावर ठेवली. गल्ल्यावरचा किरण, बेळगावचा मुलगा, सगळं ऐकत होता. त्यानेच सायबर फसवणुकीच्या एक नऊ तीन शून्य नंबरवर फोन लावून दिला. तक्रार नोंदली गेली. शनिवारी बँकेने सांगितलं, चेकवरचं खातंच अस्तित्वात नाही. एका कार्डाचे दहा हजार गेले होते, परत येतील की नाही ते कुणी सांगेना. दुसऱ्या कार्डाची पट्टी शाबूत होती, त्यात दोन-तीन महिन्यांचा किराणा तरी येणार होता.

"कुणाक सांगू नको," चंद्रावती सेजलला म्हणाली. "बाजारात मी काय ता बघून घेतंय."

तो आठवडा तिला घरात बसवेना. तीच मिरची तिने चारदा उन्हात घातली, चारदा काढली.

पुढच्या गुरुवारी शेवंतीने बसता बसता विचारलं, "काय गो वयनी, सुनेचां काम?"

"बरां चल्लां."

"माझ्या लेकीचो, सुविधाचोपण चेक इलो." शेवंती नारळ सोलत होती, वर न बघता बोलली. "तू सांगितलस तेच दिवशी चेडवान तुझ्या सेजलकडसून नंबर घेतलेलो. आमका काय, आमची चेडवां तपासणी करुक शकनत नाय? आज डिचोलीच्या दुकानात गेलां."

चंद्रावतीच्या हातातली मिरची तशीच राहिली. समोर बाजार भरत होता. आजूबाजूच्या चार बायका कान देऊन बसल्या होत्या. पंचवीस वर्षांत ह्या बायकांसमोर तिने मान खाली घातली नव्हती.

"काम नाय ता, शेवंती," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने. "चोर आसत. सेजलीचे धा हजार गेले. आठ दिस मी तोंड दाबून बसलंय. लाव फोन तिका."

शेवंतीने कोयता टाकला आणि फोन लावला. बिझी.

"पुन्हा लाव. वाटेर लाव."

दोघी डिचोलीच्या बसकडे धावल्या, चंद्रावती पुढे. मागे सोलं, मिरची, नारळ तसेच उघडे होते, आणि त्यांच्याकडे बघायला कोणी नव्हतं.