अकरा कड्यांचा विजय

दूरच्या बेटावरचा हॅम रेडिओवाला, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवाला, पाच वाजता गाशा गुंडाळून निघणार होता, आणि आपल्या निवृत्त मास्तरांना त्याच्याशी एकदा तरी बोलायचंच होतं. अडचण एकच, कॉम्प्युटर. तो चालू असला की रेडिओत नुसती खरखर. म्हणून मास्तरांनी तीन दिवस खपून त्याच्या एकूण एक वायरींना खरखर शोषणारी फेराइटची कडी घातली. अकरा झाली. खरखर जागची हलली नाही.

"अहो, तो डबा बंदच का नाही करत?" बायकोने विचारलं.

"तुला यातलं शास्त्र कळायचं नाही."

पाचला दहा मिनिटं असताना व्हॅक्यूम क्लीनर लावायला तिने कॉम्प्युटरचा प्लग उपटला. एकदम शांतता! आणि त्यात बेटवाला खणखणीत ऐकू आला.

"थांब, क्लीनर लावू नकोस!" मास्तर ओरडले आणि माइक उचलून त्यांनी गड्याला गाठलंच.

बायको क्लीनरचा प्लग धरून तशीच उभी होती. "लावू का आता?"

"कॉम्प्युटरच लाव. हॅम क्लबला लेख पाठवायचाय, अकरा कड्यांनी खरखर कशी घालवली त्यावर."