समोरच्या काचेचे जुने रबर

मी एक जुने रबर आहे. पेन्सिल खोडायचे नव्हे, मित्रांनो. मोटारीच्या समोरच्या काचेभोवती जे जाड काळे रबर असते ना, ते मी. माझ्या एका खाचेत काच बसते, दुसऱ्या खाचेत गाडीचा पत्रा, आणि दोघांमधून पाण्याला आत शिरू द्यायचे नाही, एवढेच माझे काम. काच सगळे पुसतात, आरसा सगळे पुसतात. रबराकडे माणूस बघतो ते गळायला लागल्यावर, आणि तेही शिव्या देत.

कारखान्यात सोऱ्यातून शेव पाडावी तसे मला यंत्राच्या तोंडातून बाहेर काढले आणि एका पांढऱ्या फियाटला बसवले. ती फियाट लोणावळ्याला तुंगार्लीत आली, माधवरावांच्या घरी. माधवराव शाळेत गणित शिकवत. गाडी घेणे ही त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने, सरोजिनीबाईंनी, आयुष्यात केलेली एकुलती एक चैन. आमच्याकडे पावसाळ्यात भल्या भल्या बंगल्यांना प्लास्टिकचे कागद बांधावे लागतात. मी मात्र उघड्यावर उभे राहून तो सगळा पाऊस परतवून लावी. शेजाऱ्यांच्या गाड्यांत पायाखाली तळी साचत. आमच्या गाडीत काड्यापेटी विसरली तरी ती कोरडी राही. "रबर म्हणजे रबर आहे!" असे माधवराव चारचौघांत म्हणत. तेव्हा मला फार बरे वाटे.

सरोजिनीबाई खंडेनवमीला गाडी धुवायच्या, हार घालायच्या, चाकाखाली लिंबू ठेवायच्या, आणि मग वाटीत खोबरेल घेऊन बोटाने माझ्या अंगावर चोळायच्या. "बघा कसं काळंभोर दिसतं!" दिसायचेच. पण रबराला तेल म्हणजे विष, मित्रांनो. आधी ते फुगते, मग मऊ पडते, आणि शेवटी त्याला भेगा जातात. लाडाने पोर बिघडते तसे मी दर खंडेनवमीला थोडे थोडे बिघडत गेले. दसऱ्याला दोघे दशम्या बांधून गाडीने बेडशाला जात. लेण्यांखाली गाडी लावून पायऱ्या चढत, वर बसून खात आणि दिवेलागणीला परत येत. इतर दिवशी त्यांचे किती भांडण होई ते मी ऐकले आहे. त्या दिवशी होत नसे.

मग सरोजिनीबाई गेल्या. माधवराव विसराळू झाले. एकदा बाजारात ब्रेक दाबायचे विसरले आणि गाडी चिक्कीच्या दुकानाच्या पायरीवर चढली. कुणाला लागले नाही, पण यशोधनने, म्हणजे त्यांच्या मुलाने, किल्ली लपवली. त्यात त्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. चुकले ते पुढे.

"दसऱ्याला मला एकदा बेडशाला ने," म्हातारा म्हणायचा. "तू चालव. मी नुसता शेजारी बसतो. मग परत गाडीचं नाव काढणार नाही."

"बाबा, काच गळतेय. त्या गाडीचं रबर आता मिळत नाही. मिळालं की नेतो."

नाचता येईना, अंगण वाकडे! रबर कामशेतला नाही तर पुण्याला मिळत होते. याने शोधले कुठे? पण दर दसऱ्याला खापर माझ्याच डोक्यावर फुटायचे, आणि म्हातारा येऊन माझ्या भेगांकडे रागाने बघायचा. ज्याची मी इतकी वर्षे राखण केली, त्याला मी वैरी वाटू लागले. याचे मला फार वाईट वाटले.

यंदा दसरा तोंडावर आला आणि इंदुरीचा गोरख मिस्त्री काखेत नव्या रबराचे वेटोळे घेऊन पोर्चमध्ये उभा राहिला. माधवरावांनी ते पाहिले आणि हातातला पेला तसाच ठेवून इस्त्रीचा शर्ट घालायला आत पळाले. ते आत गेल्यावर यशोधनने विचारले, "सुरज नक्की घेतोय ना?"

"घेतोय, भाऊ. पवनेच्या काठाला रिसार्ट हाय त्याचं. गेटावर हुबी करायची म्हनतोय, पावणे फोटू काढत्यात. अट येकच, काच गळता कामा न्हाई."

"बाबांसमोर बोलू नकोस."

"मी कशाला बोलतोय?"

तर असे होते. रबर बेडशासाठी आले नव्हते, गाडी विकण्यासाठी आले होते. हे तिघांना ठाऊक होते. तिसरे मी.

गोरखने पाते काढले आणि काचेच्या कडेने मला चिरत नेले. जुने रबर उलगडून काढायची तसदी कोण घेतो? "सांभाळून रे, काच मूळची आहे," शर्ट घालून आलेले माधवराव ओरडले. मीही मूळचेच होते. माझे तुकडे फरशीवर पडले आणि गोरख त्यांच्यावर पाय देऊन कामाला लागला. त्याने पत्र्याचा गंज खरवडला, नवे रबर काचेला चढवले, त्याच्या मोकळ्या खाचेत सगळीकडून दोरी बसवली आणि दोरीची टोके गाडीच्या आत सोडली. बाहेरून एकाने काच दाबायची, आतून दुसऱ्याने दोरी ओढायची. दोरी सुटत जाते तशी रबराची कड पत्र्यावर चढते. हे एकट्याचे काम नव्हे.

"आत कोनतरी बसाय पायजे, भाऊ."

यशोधनने आपल्या स्वच्छ बाह्यांकडे पाहिले. "बाबा, तुम्ही बसता का?"

म्हातारा असा काही चढला आत, की जणू त्याला बोहल्यावर बोलावले आहे! गोरख बाहेरून काचेवर हाताने थोपटत होता. "दमानं, आबा. दोरी सरळ वढू नका, आपल्याकडं तिरपी घ्या. हां, लय झ्याक!" माधवरावांना धाप लागली. दोरी तळव्यात रुतून लाल रेघ उठली, पण हात सोडला नाही. एकेक वीत रबर बसत गेले. काम सुबक झाले, हे मला जळफळत का होईना, कबूल केले पाहिजे.

मग त्यांना आतच बसवून काचेवर नळीने पाणी सोडले. तेवढ्यात सुरज आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि यशोधनला बाजूला घेऊन म्हणाला, "गळत न्हाई हे तुमी म्हनताय. विकनारा असंच म्हनतो. मी मास्तरांना इचारतो. त्यांच्या वर्गात होतो मी, ते खोटं बोलायचे न्हाईत."

त्याने दाराची काच खाली करायला लावली. "मास्तर, पानी येतंय का आत?"

"एक थेंब नाही!" माधवरावांनी कोरडा हात बाहेर काढून दाखवला. "दोरी मी स्वतः ओढलीय. हात लावून बघ."

सुरजने हात लावून पाहिला आणि यशोधनकडे बघून मान हलवली. गाडी विकली गेली. ज्याचा शब्द खरा, त्याच्याच शब्दावर विकली गेली.

"उतरा बाबा. सुरज एक चक्कर मारून बघतोय."

"मार की! दुसरा गिअर जरा दाबून टाक. आणि वेळेवर आण रे, दसऱ्याला आम्हाला बेडशाला जायचंय."

सुरजने यशोधनच्या तोंडाकडे पाहिले. यशोधन मोबाइलमध्ये बघत होता. मग सुरज गाडीत बसला. पवनेला जायचे तर कामशेतवरून बेडशाच्या फाट्यापुढूनच जावे लागते, तेव्हा गाडी त्या वाटेने गेली खरी. म्हातारा तेवढा मागे राहिला.

माझे तुकडे सुनेने, कौमुदीने, जाईचा वेल खांबाला बांधायला घेतले. त्यामुळे पोर्चमधले सगळे मला दिसते. दसऱ्याच्या सकाळी माधवराव कोट घालून पायरीवर येऊन बसले. ऊन चढले. कौमुदी आंब्याची पाने बांधायला बाहेर आली.

"गाडी आली नाही गं अजून?"

तिने यशोधनला हाक मारायला तोंड उघडले आणि मिटले. "रबर बदलायला दिलीय ना, बाबा."

"ते तर बदललं. मीच दोरी ओढली."

"तुम्ही? नाही हो. तुम्हाला स्वप्न पडलं असेल."

मी खांबाला बांधलेले होते, त्यांच्या डोक्याच्या वर हातभर. वर पाहिले असते तरी पुरे होते. त्यांनी तळहात उलटसुलट करून पाहिला. रेघ बुजली होती. "असेल," ते म्हणाले. "हल्ली माझ्या लक्षात राहत नाही." आणि कोट काढायला आत गेले.

मित्रांनो, रबराला तेल लावू नका, साबणाच्या पाण्याने पुसा, गाडी सावलीत लावा. ही माझी विनंती पाळलीत तर ठीक, नाही पाळलीत तर बाजारात नवे रबर मिळते. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात दोरी द्याल, तेव्हा गाडी कुठे चालली आहे ते त्याला आधी सांगा. सांगितले तर तो ओढणार नाही, अशी भीती वाटते? मग स्वतः आत बसा आणि ओढा.