दहा किलोची पिशवी

"सात! आठ! नऊ!" अख्खा हॉल टाळ्यांच्या ठेक्यावर मोजत होता. मधोमध खुर्चीत माझा नवरा. मांडीवर वाळू भरलेली लाल कापडाची पिशवी, तिच्यावर पांढऱ्या रंगात ठळक आकडा: दहा किलो. त्याने ती छातीपर्यंत उचलली आणि लोक उभे राहिले. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. भिंतीशी चाकाच्या खुर्च्यांची रांग होती. ज्यांना टाळी वाजवता येत नव्हती ते नुसती मान हलवत होते.

"काय म्हणाला होता डॉक्टर?" कोचने शिटी फुंकली. सगळे त्याला कोच म्हणत. कसला कोच, कुठला कोच, हे कुणी विचारलं नव्हतं. "म्हणाला होता ना, ताकद कमीच होत जाणार? मग हे काय उचललं, कापूस? अरे, नस मरत नसते, झोपते! तिला झोपू द्यायचं नाही. दमलास? तू नाही दमलास राजा, रोग दमला! विश्रांती म्हणजे रोगाला पान वाढणं!"

हे पान वाढणं त्याला फार आवडायचं. दर रविवारी वाढायचा.

माझा नवरा कापड बेतायचा. लग्नाच्या कोटांचा कटर. खडूची एक रेघ आणि कात्रीचा एकच लांब आवाज. दीड वर्षापूर्वी कात्री हातातून पडायला लागली. तपासण्या झाल्या आणि मोटर न्यूरॉनचा आजार निघाला. मुलगी तेव्हा पोटात होती.

कोचचा नियम एकच होता. पिशव्यांना घरच्यांनी हात लावायचा नाही. "तुमच्या मनातली शंका पिशवीत उतरते." दर आठवड्याला आकडा वाढायचा. चार किलोपासून सुरुवात, अडीच महिन्यांत दहा. कोचचा माणूस रोज घरी येऊन ती मांडीवर ठेवायचा, दोनशे वेळा उचलायची. एक निवृत्त पोस्टमन होते, त्यांनी महिनाभर इमानेइतबारे केलं आणि एक दिवस त्यांची मान वर राहीना. ते यायचे बंद झाले. कोच म्हणाला, "त्यांचा संकल्पच कच्चा." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. शिकलेली असून.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. रविवारी सकाळी दहा किलो उचलणारा माणूस संध्याकाळी चमचा तोंडापर्यंत नेताना वरण अंगावर सांडायचा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठायचा नाही. शब्दही जिभेला चिकटून यायचे.

"आतून झीज भरून येतेय," सासूबाई म्हणायच्या. "दुखणं बाहेर पडताना त्रास होतोच."

मी मुलीचं वजन करायचे. तो माझा नाद. दवाखान्यात असतो तसा झोळीचा लटकता काटा मी विकत आणला होता आणि दर आठवड्याला तिला त्यात टांगायचे.

"पोर आहे की भाजी?" सासूबाई चिडायच्या. "जरा दम खाऊ दे त्या काट्याला!"

त्या मंगळवारी काटा साडेआठवर थांबला. नवरा बघत होता. म्हणाला, "साडेआठच? मग दे की माझ्याकडे. मी दहा उचलतो."

किती आनंदाने म्हणाला. मुलगी जन्मल्यापासून त्याने तिला उभ्याने कधी घेतलं नव्हतं. मी दिली. द्यायला नको होती. त्याने तिला छातीशी धरलं, एक क्षण, अर्धा क्षण, आणि त्याचे हात उघडले. मी तिचा पाय पकडला. डोकं पलंगाच्या कडेला घासून गेलं. ती किंचाळली. तो आपल्या हातांकडे बघत राहिला, ते दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.

"माझ्या मनात शंका आली असेल," तो म्हणाला. "कोचला विचारतो."

त्या रात्री रडून झाल्यावर मी हिशेब मांडला. दहा उचलतो आणि साडेआठ पडते. यात शंका कुणाची नाही, वजनाची आहे.

रविवारी मी मुलीला कडेवर घेतलं आणि काटा खांद्यावरच्या पिशवीत घातला. दहा वेळा उचलून झालं, टाळ्या झाल्या, आणि मी सरळ खुर्चीपाशी गेले.

"ताई, हात नाही लावायचा!" कोच ओरडला.

"हात कुठे लावतेय? काटा लावतेय."

"काट्यात श्रद्धा नसते, ताई!"

"म्हणून तर आणलाय."

काट्याच्या आकडीत लाल पिशवीचा पट्टा अडकवून काटा उचलला. दोन किलो सातशे. माझी मुलगी जन्मली तेव्हाही याहून जड होती.

"बिघडलाय काटा!" कोच हसला. "लहान पोरांचं खेळणं!"

एका काकूंनी आपल्या पिशवीतून साखरेचं एक किलोचं बंद पाकीट काढलं. मी ते झोळीत ठेवलं. काटा बरोबर एकवर. कोच हसायचा थांबला. कुणाच्या तरी भावाने लाल पिशवी हिसकावून शिवण फाडली. वर चार बोटं वाळू होती. खाली सगळा लाकडाचा भुसा. आकडा दर आठवड्याला वर जायचा आणि आतली वाळू कमी व्हायची. बस. एवढीच विद्या.

"मी यांना हसवलं!" कोच दाराकडे सरकत ओरडला. "तुमच्या डॉक्टरांनी काय दिलं?"

त्याला कुणी अडवलं नाही. चाकाच्या खुर्चीतल्या एका मुलीची आई मात्र माझ्या अंगावर आली. "काय मिळालं तुम्हाला? आज माझी लेक सहा किलोवर जाणार होती!"

नंतर आम्ही सरकारी दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी गोड काही सांगितलं नाही. "स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या पेशी मरतायत. उरलेल्या त्यांचं काम ओढतायत. त्यांना चाबूक मारून नव्या उगवत नाहीत. हलका व्यायाम करा, सांधे आखडू नयेत म्हणून ताणही द्या. पण दमायच्या आधी थांबायचं. दुसऱ्या दिवशी अंग उठलं नाही तर समजायचं, काल जास्त झालं. ताकद मोजकी आहे. ती कशावर घालवायची ते तुम्ही ठरवा."

"बरा होईन का?" त्याने विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

आता तो सकाळी पडून राहतो. अकरा वाजता कोपरांखाली उशा लावून मी मुलीला त्याच्या मांडीवर ठेवते. दहा मिनिटं. मग काढून घेते. परवा तिला घेताना तो हळूच म्हणाला, "शिवण मी तिसऱ्याच आठवड्यात बघितली होती. उसवून हाताने पुन्हा घातलेली. मशीनची टीप आणि हाताचा टाका मला कळणार नाही होय?"

"मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं, वाळू वाढवायला उसवली असेल."

एवढंच. जन्मभर टाके पाहिलेल्या माणसाने हा टाका पाहिला आणि त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावून घेतला. कोचने फक्त भुसा भरला होता. बाकीचं आम्हीच भरलं. आणि त्या दोनशे दोनशे उचलण्यांत माझ्या मुलीची किती दहा मिनिटं गेली, ती परत येत नाहीत.

तुमच्या घरी कुणी आजारी असेल आणि कुणी चमत्कार दाखवत असेल, तर भांडू नका, रडू नका. काटा घेऊन जा. हात लावू नका म्हणाला, तर पहिला हात तिथेच लावा.